सोडायचं ते फळ कोणाचं?

संरक्षण खात्याच्या खरेदीत माझी सगळी नोकरी गेली. पुण्यातलं एक कार्यालय, लोखंडी कपाटं, दोरीने बांधलेल्या फायली आणि मार्चअखेरीची धावपळ. आमच्या विभागात एक ज्येष्ठ सहकारी होते. रोज सकाळी खुर्चीत बसण्याआधी गीतेचा पंधरावा अध्याय म्हणायचे, कोणाकडून चहासुद्धा फुकट घ्यायचे नाहीत. एखाद्या मालाबद्दल लष्कराच्या युनिटकडून तक्रार आली, की ते शांतपणे म्हणत, “आपण नियमाप्रमाणे सही केली. कर्म आपलं, फळ त्याच्या हाती. फळाचा विचार आपण करायचा नाही.” माणूस अत्यंत सज्जन होता, म्हणूनच हे वाक्य मला कायम टोचत राहिलं. लबाड माणसानं म्हटलं असतं तर मी सोडून दिलं असतं.

निष्काम कर्म करणाऱ्यानं आपल्या कामाच्या परिणामाकडे पाहायचं की नाही? हा प्रश्न कीर्तनात आणि तत्त्वज्ञानाच्या वर्गात जितका खरा आहे, तितकाच तो लष्करासाठी बूट, तंबू, दारूगोळा विकत घेणाऱ्या टेबलावर खरा आहे. माझं मत असं झालं आहे, की तिथले करार तडीला जातात की फसतात, हे नियमपुस्तकापेक्षा या प्रश्नाच्या उत्तरावर जास्त ठरतं.

आधी काम काय असतं ते सांगते. बाहेरच्या माणसाला वाटतं, खरेदी म्हणजे ऑर्डर देणं. वर्तमानपत्रात तेवढीच बातमी येते, अमुक कोटींचा करार झाला. खरं तर ऑर्डरवर सही होते तिथे आमचं काम सुरू होतं. पुरवठादारानं आगाऊ नमुना द्यायचा, तो तपासून मंजूर करायचा, मग मोठं उत्पादन, मग लॉट तपासणीला, मग इन्स्पेक्शन नोट, मग डेपो, मग बिल. मधेच ड्रॉइंगमध्ये बदल होतो, कच्चा माल महागतो, अधिकारी बदलून जातो, पुरवठादार मुदतवाढ मागतो. करार सांभाळणं म्हणतात ते हे. माणसं दोन-तीन वर्षांनी बदलतात, करार त्याहून जास्त चालतो. ज्यानं सही केली तो माल पोचताना खुर्चीत नसतो, आणि ज्याच्या काळात माल पोचतो तो म्हणतो, सही माझी नाही.

दुसरी गोष्ट अंतराची. भाजीवाल्याकडून आपण भाजी घेतो, ती आपणच खातो. इथे घेणारा वेगळा, पैसे देणारा वेगळा, तपासणारा वेगळा आणि वापरणारा चौथाच. तो कुठल्यातरी चौकीवर असतो, त्याला निविदा म्हणजे काय हे ठाऊक नसतं, आणि आमच्यापैकी बहुतेकांनी त्याला कधी पाहिलेलं नसतं. माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं. अपशिंगे मिलिटरी हे गाव आमच्यापासून फार लांब नाही. पहिल्या महायुद्धात गेलेल्यांपैकी तिथले ४६ जण परत आले नाहीत. त्यामुळे फाईलच्या पलीकडचा माणूस मला मुद्दाम कल्पनेनं उभा करावा लागला नाही. तो आमच्या एसटीतच भेटायचा, सुट्टी संपवून ट्रंक घेऊन निघालेला.

या अंतराबद्दल मराठीत लिहिलेलं सगळ्यात स्पष्ट काही मी वाचलं असेल, तर ते कुठल्या तत्त्वज्ञाचं नाही. शिवाजी महाराजांचं चिपळूणजवळ दलवटण्याला असलेल्या लष्करी छावणीतल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना गेलेलं पत्र आहे. विषय म्हणाल तर दाणावैरण. पावसाळ्यासाठी घोड्यांचं दाणागवत साठवलेलं आहे, आणि महाराज बजावतात की ते मनाला येईल तसं खर्चून टाकाल, तर ऐन पावसाळ्यात काहीच उरणार नाही. घोडी उपाशी मरतील. आणि मग ती घोडी तुम्हीच मारलीत असं होईल. पुढे तीच माणसं पोटासाठी रयतेच्या दारात जातील, कोणी दाणे आणेल, कोणी भाजी, आणि गरीब कुणबी गाव सोडून पळेल. रात्री दिवा जळत राहिला तर उंदीर वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इथपर्यंत त्यांनी विचार केला आहे.

या पत्राकडे लोक प्रशासनाचा नमुना म्हणून बघतात. मला त्यात नीतिशास्त्र दिसतं. कारकुनानं घोड्याला हात लावलेला नाही, त्यानं फक्त महिन्याला थोडं जास्त गवत वाटलं. तरी घोड्याच्या मरणाचा कर्ता तोच, असं महाराज म्हणतात. म्हणजे कर्म हातापाशी संपत नाही. ते जिथे जाऊन पोचतं तिथपर्यंत ते माझंच असतं. आमच्या सहकाऱ्यांचं वाक्य आणि हे पत्र, दोन्ही एकदम खरी असू शकत नाहीत. निदान त्या वाक्याचा आम्ही लावलेला अर्थ तरी चुकला असला पाहिजे.

एक करार जवळून सांगते. लष्करी घोट्याचे बूट होते, ज्यांचा रबरी तळ साच्यात दाबून, उष्णता देऊन वरच्या चामड्याला थेट जोडतात. पुरवठादार उत्तरेकडचा, मध्यम आकाराचा कारखाना. आगाऊ नमुना उत्तम होता. पहिला मोठा लॉट तपासणीला आला आणि पील टेस्टमध्ये पडला. या चाचणीत चामडं आणि तळ यंत्राच्या दोन जबड्यांत धरून ओढतात आणि किती जोर लावल्यावर ते सुटतात ते मोजतात. हा तळ सुटताना चामड्याचे धागे सोबत यायला हवेत. इथे तो गुळगुळीत सुटत होता. तपासनिसानं एक बूट टाचेपासून टोकापर्यंत उभा कापून माझ्या टेबलावर ठेवला. जोडाच्या रेषेत नख सहज शिरत होतं.

लॉट नाकारला. मार्च तोंडावर. पैसे खर्च झाले नाहीत तर परत जाणार. वरून फोन सुरू झाले. कोणी म्हणालं, फरक थोडा आहे, सवलत देऊन घ्या, किमतीत कपात करा. कोणी म्हणालं, करारच रद्द करा, अनामत जप्त करा, मोकळे व्हा. दोन्ही सूचना नियमात बसत होत्या, आणि दोन्हींमध्ये बूट घालणारा माणूस कुठेच नव्हता. पहिल्या सूचनेत त्याला सुटणारा बूट मिळत होता, दुसरीत पुढचं वर्षभर कुठलाच मिळत नव्हता.

आमचे तेव्हाचे साहेब तमिळनाडूचे, अतिशय कमी बोलणारे. त्यांनी पुरवठादाराला बोलावून घेतलं आणि विचारलं, “साच्यात बूट किती मिनिटं ठेवता?” तो आधी ठरलेला आकडाच सांगत राहिला. सोबत आलेला फोरमन मान खाली घालून बसला होता. साहेबांनी त्याच्याकडे पाहून तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा तो म्हणाला, “साहेब, मुदत जवळ आली म्हणून वेळ कमी केला. चामडं घासायलाही माणूस कमी केला.” उत्पादन वाढवण्यासाठी प्रत्येक जोडामागची काही मिनिटं कापली होती, आणि तिथेच तळ कच्चा राहत होता.

मग साहेबांनी मला फाईल मागे उलटत न्यायला सांगितली. त्यात दिसलं, की नमुना मंजूर करायला कार्यालयाकडूनच कित्येक आठवडे जास्त लागले होते. नमुना दोन टेबलांमध्ये पडून होता. तो उशीर पुरवठादाराचा नव्हता, पण मुदतीचं घड्याळ त्याच्या नावानं चालू होतं. साहेबांनी टिपणीत दोन्ही गोष्टी लिहिल्या. कार्यालयाच्या उशिराइतकी मुदत दंडाशिवाय वाढवली. उरलेल्या उशिराबद्दल कराराप्रमाणे दंड कापायचा, त्यात एक दिवसाची सूट नाही. आणि पुढचा लॉट तयार झाल्यावर न तपासता, बनत असतानाच मधल्या टप्प्यांवर तपासायचा. पैसे त्या मार्चला परत गेले. पुढच्या वर्षी पुन्हा मागावे लागले आणि त्यावरून साहेबांना बरंच ऐकून घ्यावं लागलं. बूट उशिरा पोचले, पण चांगले पोचले. पुरवठादार खूश झाला नाही. पुढच्या निविदेत तो उतरलाच नाही.

संरक्षण खरेदीच्या २००९च्या नियमपुस्तकात उशिराला आठवड्याला अर्धा टक्का दंड आणि त्याची कमाल मर्यादा १० टक्के होती. कलम सगळ्यांपुढे तेच. पण ते वापरताना एक जण सूड घेतो, एक जण दया दाखवतो, आणि एखादाच न्याय करतो. न्याय करायचा तर स्वतःच्या बाजूचा उशीर त्याच शाईनं लिहावा लागतो. ही सरळ सत्याची साधना आहे, आणि तिला देवघरातल्या साधनेपेक्षा जास्त धैर्य लागतं, असं मला मनापासून वाटतं.

विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. त्यात विनोबा कर्म आणि विकर्म असा भेद करतात. बाहेरून होणारी क्रिया हे कर्म. त्या क्रियेला मनाची साथ मिळणं, तिच्यात चित्त ओतलं जाणं, हे त्यांच्या मते विकर्म. दोन्ही एकत्र आली की कर्माचा बोजा राहत नाही. हे वाचताना मला आमची कार्यालयं दिसतात. तिथे कर्म भरपूर असतं. तपासणी झाली, शिक्का बसला, नोंद झाली. विकर्म मात्र त्या फोरमनच्या मान खाली घालण्याकडे लक्ष जाण्यात होतं. ते कुठल्याच चेकलिस्टमध्ये लिहिता येत नाही.

इथे एक अडचण आहे आणि ती टाळून पुढे जाणं मला योग्य वाटत नाही. विनोबा अहिंसेचे उपासक. दारूगोळ्याच्या खरेदीला त्यांचा आधार घेणं त्यांना रुचलं असतं का? बहुधा नसतं. मी माळकरी घरातली आहे. आमच्याकडे मुंगीवर पाय पडला तर ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणायचे. गोळा चांगला फुटेल ना, याची काळजी वाहण्यात माझं आयुष्य गेलं, यात विसंगती आहे हे मला माहीत आहे. युद्ध असावं की नसावं हा मोठा प्रश्न माझ्या टेबलावर सुटणार नव्हता. पण तो सुटेपर्यंत कोणाचा तरी मुलगा तिथे उभा आहे आणि त्याला आपण सगळ्यांनी मिळून उभं केलं आहे. त्याच्या पायातला बूट, त्याच्या हातातला गोळा खराब निघाला, तर जगातली हिंसा कमी होत नाही. तिचा एक वाटा फक्त त्याच्या अंगावर येतो. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त लोकमान्यांनी लोकसंग्रहावर एवढा भर का दिला, हे मला या वाटेनं समजलं. ज्ञान झालेल्यानंही लोकांचं जग नीट चालावं म्हणून काम करत राहायचं. माझ्यापुरता मी एवढाच अर्थ घेतला, आणि अहिंसेचं ऋण शिल्लक आहे असं मानून राहिले.

आता गीतेतल्या त्या प्रसिद्ध श्लोकाकडे येते. कर्माचा अधिकार आहे, फळाचा नाही, एवढं सगळ्यांना पाठ असतं. त्याचा शेवटचा चरण मात्र फार कमी जणांच्या तोंडी येतो. त्यात भगवंत बजावतात, की कर्म न करण्याचीही आवड लागू देऊ नकोस. लष्करी खरेदीच्या सगळ्या इतिहासावर हा चरण लिहून ठेवावा असा आहे.

२४ मार्च १९८६ रोजी बोफोर्सच्या तोफांचा करार झाला. दलालीचा वाद उठला, देश ढवळून निघाला, आणि तो वाद उठणं योग्यच होतं. पण त्यानंतर काय झालं? १५५ मिलिमीटरच्या नव्या तोफांचा पुढचा मोठा करार व्हायला नोव्हेंबर २०१६ उजाडला. तीस वर्षं. मधे कारगिल झालं आणि तिथे त्याच वादग्रस्त तोफा उपयोगी पडल्या. त्या तोफांचं तंत्रज्ञान, ड्रॉइंगं करारानं आपल्याकडे आलेली होती. त्यांच्या आधारानं जबलपूरला ‘धनुष’ तोफ घडायला किती वर्षं गेली ते पाहा. कागद कपाटात होते, हात लावायची भीती होती.

मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये सहा स्कॉर्पीन पाणबुड्या बांधायचा करार ऑक्टोबर २००५मध्ये झाला. पहिली ‘कलवरी’ १४ डिसेंबर २०१७ रोजी नौदलात दाखल झाली, ठरल्यापेक्षा पाच वर्षं उशिरा. तिच्यासाठी घ्यायचे नवे जड टॉर्पेडो मात्र तेव्हा आले नाहीत, कारण विकणाऱ्या कंपनीचा मूळ समूह हेलिकॉप्टरच्या दुसऱ्याच व्यवहारात अडकला होता. भ्रष्टाचाराला शिक्षा हवीच. पण शिक्षा देताना पाणबुडीत बसणाऱ्याचं काय, हा प्रश्न तितक्याच तातडीनं कोणी विचारला का? बुलेटप्रूफ जॅकेटांचंही तेच. १,८६,१३८ जॅकेटांची गरज २००९मध्ये मान्य झाली, चाचण्या होत राहिल्या, नापास होत राहिल्या, आणि करारावर सही झाली एप्रिल २०१८मध्ये, ६३९ कोटींना. नऊ वर्षं. त्या नऊ वर्षांतल्या प्रत्येक फाईलवर कोणी ना कोणी नियमाप्रमाणे वागलेलंच असणार.

लाच घेणारा माणूस ओळखू येतो, त्याला पकडण्यासाठी खाती आहेत. न घेतलेल्या निर्णयाला कोणी पकडत नाही. ज्यानं सही केली त्याची चौकशी होते, ज्यानं ‘कृपया चर्चा करावी’ लिहून फाईल परत पाठवली त्याची होत नाही. म्हणून चांगली, पापभीरू माणसंच हळूहळू सही करायची थांबतात. आमचे ते सहकारीही अशा अवघड फायली पुढे सरकवत. ते स्वतःच्या हातून पाप घडू नये म्हणून जपत होते. पण स्वतःचं निर्मळ राहणं हेसुद्धा एक फळच आहे, आणि त्याची आसक्ती पैशाच्या आसक्तीइतकीच घट्ट असते.

तेव्हा माझं उत्तर असं: सोडायचं फळ ते माझं आहे. माझी बढती, माझं नाव, माझी सुरक्षितता, माझं सोवळं. सैनिकाच्या पायापर्यंत पोचणारं फळ माझं नाहीच, मग ते सोडण्याचा हक्क मला कोणी दिला? ते तर मी सांभाळायचं आहे. कामावर प्रेम आणि स्वतःवर उदासीनता, असा तो क्रम आहे. आमच्याकडे कितीदा तो उलटा लागतो, कामाबद्दल उदासीनता आणि स्वतःची काळजी, आणि त्याला आपण अलिप्तपणा म्हणतो.

करार यशस्वी झालेले मी पाहिले ते अशाच माणसांच्या हातून. त्यांच्या काही सवयी सारख्या होत्या. ते तोंडी शब्द देत नसत, बदल झाला की त्याच आठवड्यात कागदावर आणत. कौटिल्यानं आयुधागाराच्या अध्यक्षाला सांगून ठेवलं आहे, की कारागिरांकडून शस्त्रं करून घेताना काम, प्रमाण, वेळ, वेतन आणि हाती येणारी वस्तू आधी ठरवून घ्यावी. दोन हजार वर्षांत या यादीत घालण्यासारखं फारसं काही निघालं नाही. ते पुरवठादाराचे पैसे वेळेवर देत. लघुउद्योगांचं देणं ४५ दिवसांच्या आत द्यावं असा २००६चा कायदा आहे. पण बिल अडवून ठेवणं म्हणजे सरकारचे पैसे वाचवणं, अशी समजूत मी अनेक टेबलांवर पाहिली. ती समजूत खोटी आहे. ज्याला वेळेवर पैसे मिळत नाहीत तो पुढच्या वेळी साच्यातली मिनिटं कापतो. आणि बदली होताना ते पुढच्या माणसासाठी दोन पानं लिहून ठेवत, फाईलमध्ये न दिसणारं सगळं त्यात असे: कुठल्या फोरमनचं ऐकायचं, कुठला उशीर खरा कोणाचा.

या खात्यांत आज काम करणाऱ्या तरुण मुलामुलींना माझं एक मागणं आहे. करार बंद करताना आपण बिल चुकतं झालं का, अनामत परत केली का, हे तपासतो. युनिटकडून येणारा दोष अहवाल मात्र वेगळ्या विभागात, वेगळ्या कपाटात जातो आणि खरेदी करणाऱ्याच्या नजरेस पडत नाही. तो अहवाल मागवून घ्या. तो वाचून त्यावर तारीख घालून सही करा, आणि मगच फाईल बंद करा. त्यासाठी नवा नियम यायची वाट पाहू नका, मागवायला कुठलाच नियम आड येत नाही.